सोबतची बाई



आज आम्ही एका शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, पण तुमच्या गावात तो रोज येतो-जातो. उपकेंद्रातल्या सिस्टरना आपण एएनएम म्हणतो ना? गरोदर बाईची तपासणी, बाळाची लस, लोहाच्या गोळ्या, सगळ्याला आपल्या तोंडी त्यांचंच नाव असतं. त्या तीन अक्षरांतलं शेवटचं 'एम' म्हणजे मिडवाइफ. आजची गोष्ट या मिडवाइफची.

एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. हे तीन शब्द इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांनी आले. 'ऑक्झिलरी' लॅटिनमधून आला. अर्थ, मदतीला असलेली. 'नर्स' फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ दूध पाजणारी, पोसणारी. आपण दूधआई म्हणतो, तशीच ती. 'मिडवाइफ' मात्र इंग्रजीच्या स्वतःच्या घरातला शब्द आहे. तो कोणाकडून उसना आणलेला नाही.

घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला या शब्दाचा अर्थ विचारून बघा. ती म्हणेल, 'मिड म्हणजे मधला आणि वाइफ म्हणजे बायको.' म्हणजे थोरली, मधली, धाकटी यांतली मधली बायको! ऐकून हसू येतं. पण हा अर्थ चुकीचा आहे. खरा अर्थ कळायला दीड हजार वर्षं मागं जावं लागेल.

बायको आणि बायकोमाणूस

मराठी, कोकणी, गुजराती, हिंदी या जशा बहिणी-बहिणी, तशा इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश, स्वीडिश याही बहिणी-बहिणी. या कुटुंबाला जर्मॅनिक भाषा म्हणतात. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराला आजच्या जर्मनी, डेन्मार्क आणि हॉलंडच्या किनाऱ्यावरून अँगल आणि सॅक्सन लोक समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये आले. शेती करणारी, गुरं पाळणारी माणसं. त्यांच्या बोलीतून इंग्रजी झाली.

त्या जुन्या बोलीत 'वीफ' म्हणजे बाई. लग्न झालेली असो, नसो, विधवा असो, कोणतीही बाई. 'नवऱ्याची बायको' हा अर्थ पुढे बळकट होत गेला आणि 'वाइफ' म्हणजे फक्त पत्नी असं झालं. मासळी विकणाऱ्या बाईला इंग्रजीत 'फिशवाइफ' म्हणत. ती माशाची बायको नव्हे! ती मासळीवाली बाई. तिथे जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

गंमत पुढेच आहे. 'मान' या शब्दाचा अर्थ तेव्हा माणूस असा होता, केवळ पुरुष असा नव्हता. बाईला म्हणत 'वीफमान'. तोच शब्द घासून-घासून आजचा 'वूमन' झाला. 'वीफमान'चं मराठी काय होईल? बायकोमाणूस! आपल्या आज्या 'आम्ही बायकोमाणसं' म्हणायच्या, तेव्हा 'बायको' म्हणजे बाई आणि 'माणूस' म्हणजे माणूस. इतक्या दूरच्या दोन मुलखांत बाईला नाव देताना दोन भाषांनी अगदी सारखाच जोडशब्द बांधला. दोन्हीकडे 'बायको' आधी बाई होती, मग कुणाची तरी झाली.

'मिड' म्हणजे सोबत

आता 'मिड'. 'मधला' या अर्थाचा 'मिड' वेगळा. मिडवाइफमधला 'मिड' म्हणजे 'सोबत'. जर्मन भाषेत 'सोबत' या अर्थी आजही 'मिट' म्हणतात. इंग्रजीत मात्र हा 'मिड' मेला. त्याची जागा 'विथ' या शब्दाने घेतली. आणि हा 'विथ' पूर्वी होता 'विरुद्ध' या अर्थाचा! लढणं, टक्कर देणं अशा बोलण्यात तो यायचा. आपण नाही का म्हणत, 'तिच्याशी बोलले' आणि 'तिच्याशी भांडले'? 'शी' एकच, पण एकदा प्रेमाची, एकदा भांडणाची. तसाच 'विथ' विरोधातून सोबतीकडे सरकला आणि जुन्या 'मिड'ला त्याने हुसकून लावलं.

'सोबत'वाला 'मिड' रोजच्या इंग्रजीतून गेला. तो टिकून राहिला तो मुख्यतः बाळंतिणीच्या खोलीत, मिडवाइफ या एका शब्दात. सुमारे ७०० वर्षांपूर्वीच्या लिखाणात हा शब्द सापडतो. बहुतेक कोशकार त्याचा अर्थ देतात तो असा: बाळंतिणीसोबत असलेली बाई. सोबतची बाई.

मैत्रिणींनो, या नावात काय नाही ते बघा. औषध नाही, हत्यार नाही, कापणं नाही, शिवणं नाही. वेणा सुरू झाल्या की सोबत असणं, एवढंच त्या लोकांनी नावात घातलं. त्यांच्या दृष्टीने तेच मुख्य काम होतं.

बहिणभाषांनी आणखी वेगळी नावं ठेवली. जर्मनमध्ये सुईणीला 'हेबामे' म्हणतात. त्याचं जुनं रूप सांगतं की ती 'उचलून घेणारी आजी' होती. जन्मलेलं बाळ पहिल्यांदा हातात घेणारी ती. डॅनिशमध्ये ती 'योर्डेमोर', म्हणजे भूमीची आई. स्वीडिशमध्ये ती बाळाची आई. आणि आइसलंड नावाच्या थंड बेटावर तिला म्हणतात 'ल्योसमोदिर', म्हणजे उजेडाची आई. २०१३ मध्ये आइसलंडच्या लोकांना विचारलं होतं की आपल्या भाषेतला सर्वांत सुंदर शब्द कोणता. त्यांनी हाच शब्द निवडला.

आणि आपली 'सुईण'? प्रसूती, सूतिका हे शब्द ज्या 'सू' धातूपासून आले, त्याच घराण्यातली ती. 'सू' म्हणजे जन्म देणं. इंग्रजांनी सोबत पाहिली, जर्मनांनी बाळ उचलणारे हात पाहिले, आपण जन्म पाहिला.

चकाट्या पिटणाऱ्या बायका

जुन्या इंग्लंडमध्ये बाळंतपणाला सुईण एकटी नसे. आई, बहीण, शेजारणी, मैत्रिणी गोळा होत. दारं-खिडक्या लावून घेत, शेगडी पेटवत, बाळंतिणीला गरम पेय देत, धीर देत. या बायकांना म्हणत 'गॉसिप'. होय, तोच शब्द, ज्याचा अर्थ आज कुचाळक्या, चहाड्या असा लावतात.

'गॉसिप' हाही जर्मॅनिक मुळांचा जोडशब्द आहे. 'गॉड' म्हणजे देव आणि 'सिब' म्हणजे नातलग. देवाच्या साक्षीने जोडलेलं नातं, मानलेली बहीण किंवा बाळाची धर्ममाता. बाळाच्या बारशाला जी जबाबदारी घ्यायची ती 'गॉडसिब'. पुढे जवळच्या मैत्रिणीला आणि बाळंतपणाला जमणाऱ्या बायकांना तोच शब्द लागला. मग पुरुषांना दाराबाहेर ताटकळत बसावं लागलं. आत बायका काय बोलत असतील? आपल्याबद्दलच बोलत असतील! शब्द घसरत गेला आणि शेवटी 'गॉसिप' म्हणजे रिकामटेकडी बडबड झाली.

बचत गटाची बैठक भरली की 'जमल्या चकाट्या पिटायला' असं कुणी म्हणालं, तर आता तुम्हांला त्याचा इतिहास ठाऊक आहे. संकटात धावून येणाऱ्या बायकांचं नाव असंच खाली ओढलं गेलं होतं.

शपथ, चिमटा आणि दारातला पुरुष

मिडवाइफचं काम मानाचं होतं, तसं जबाबदारीचंही. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात चर्चचे बिशप सुईणींना परवाने देत आणि शपथ घ्यायला लावत. १५६७ मध्ये एलनॉर पीड नावाच्या सुईणीने घेतलेली शपथ आज उपलब्ध आहे. गरीब असो की श्रीमंत, दोघींच्या मदतीला सारखंच जायचं, बाळांची अदलाबदल होऊ द्यायची नाही, बाळाच्या बापाचं खोटं नाव सांगू द्यायचं नाही, असं त्यात कबूल केलेलं आहे. म्हणजे सुईण ही गावाची साक्षीदारही होती.

सतराव्या शतकापासून चित्र बदलू लागलं. चेंबरलेन नावाचं एक कुटुंब फ्रान्समधून इंग्लंडमध्ये आलं होतं. त्यांच्यातल्या एकाने अडलेलं मूल ओढून काढायचा चिमटा तयार केला. फोर्सेप्स म्हणतात तो. अडलेल्या बाळंतिणीसाठी ही फार मोठी गोष्ट होती, कारण त्याआधी अशा वेळी अनेकदा मुलाची आणि कधी आईचीही आशा सोडावी लागे. पण या कुटुंबाने तो चिमटा शंभरहून अधिक वर्षं गुपित ठेवला. पेटीत झाकून न्यायचे, कुणाला दिसू द्यायचे नाहीत. १८१३ मध्ये त्यांच्या जुन्या घराच्या फळ्यांखाली ती हत्यारं सापडली. एवढ्या वर्षांत किती बाया त्या गुपितापायी गेल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

चिमट्यासोबत पुरुष बाळंतपणाच्या खोलीत आले. त्यांना काय म्हणायचं? इंग्रजीत नाव पडलं 'मॅन-मिडवाइफ'. मराठीत सांगायचं तर 'सोबतची बाई असलेला पुरुष'! पुरुषांनी काम घेतलं, पण बाईचं नाव त्यांच्या मागून सुटेना. १९ व्या शतकात डॉक्टरांनी या विद्येला 'ऑब्स्टेट्रिक्स' हे भारदस्त लॅटिन नाव दिलं. पण लॅटिनमध्ये 'ऑब्स्टेट्रिक्स' म्हणजे तरी कोण? समोर उभी राहणारी बाई. म्हणजे पुन्हा सुईणच!

सुईणी गप्प बसल्या नाहीत. जेन शार्प या इंग्रज सुईणीने १६७१ मध्ये सुईणींसाठी पुस्तक लिहिलं. इंग्रजीत या विषयावर बाईने लिहून छापलेलं हे पहिलं पुस्तक मानतात. पुरुषांना विद्यापीठात शिकता येतं, बायकांना येत नाही, ही गोष्ट तिने मांडली आणि पुस्तकी विद्येइतकंच हातच्या अनुभवाला महत्त्व आहे असं ठासून सांगितलं. १७६० मध्ये एलिझाबेथ निहेल हिने हत्यारांच्या घाईवर सडकून टीका केली. निसर्गाला वेळ द्या, धीर धरा, असं तिचं म्हणणं होतं.

व्हिएन्नातले दोन कक्ष

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहराच्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन कक्ष होते. पहिल्यात डॉक्टरकी शिकणारे विद्यार्थी होते, दुसऱ्यात सुईणीचं काम शिकणाऱ्या बायका. १८४६ साली पहिल्या कक्षात शंभरातल्या अकरा बाळंतिणी तापाने दगावल्या. दुसऱ्या कक्षात शंभरातल्या तीनसुद्धा नाहीत. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या कक्षात घालू नका म्हणून त्या हातापाया पडत.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर तिथे काम करत होता. त्याने कारण शोधलं. विद्यार्थी प्रेतं कापून थेट बाळंतिणीला तपासायला येत. सुईणी प्रेतांना हात लावत नसत. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. पुढच्या वर्षी पहिल्या कक्षातल्या मृत्यूंचं प्रमाण शंभरात दोनच्याही खाली आलं. जंतू अजून कुणाला नीट माहीत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. मोठ्या डॉक्टरांनी त्याचं म्हणणं बरीच वर्षं मानलं नाही.

यातून 'सुईण बरी, डॉक्टर वाईट' असा धडा आम्ही काढत नाही. धडा आहे स्वच्छ हातांचा. ते हात कोणाचे, याने फरक पडत नाही. आपल्याकडेही न उकळलेल्या विळ्याने किंवा पात्याने नाळ कापल्यामुळे कितीतरी बाळं धनुर्वाताने गेली आहेत. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणून चालणार नाही.

१९०२ मध्ये इंग्लंडमध्ये सुईणींसाठी कायदा झाला. प्रशिक्षण, परीक्षा, नोंदणी सुरू झाली. आधीपासून काम करणाऱ्या अनुभवी बायकांनाही सुरुवातीला नोंदणीची सवलत मिळाली. मिडवाइफ हा शब्द आता परवानाधारक व्यावसायिकाचा झाला. इतर अनेक देशांनी हे काम डॉक्टरांकडे देऊन टाकलं, पण इंग्लंडमध्ये मिडवाइफ टिकली. आजही तिथे साध्या, बिनधोक बाळंतपणाची जबाबदारी मुख्यतः तीच घेते.

हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा

इंग्रजी राज्यासोबत मिडवाइफ भारतात आली. १८८५ मध्ये व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून निधी उभा राहिला. बायकांसाठी दवाखाने, स्त्री-डॉक्टर, नर्स आणि मिडवाइफ यांचं शिक्षण ही त्याची कामं. १९०३ मध्ये लेडी कर्झनने गावच्या दायांना शिकवण्यासाठी आणखी एक निधी काढला.

याच काळात आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फियाला शिकत होत्या. चौदा वर्षांच्या असताना त्यांचं बाळ अवघ्या दहा दिवसांत गेलं होतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदू लोकांमधल्या प्रसूतिशास्त्रावर. तो भारदस्त लॅटिन शब्द, समोर उभ्या राहणाऱ्या बाईचा, त्यांच्या प्रबंधाच्या नावात आहे. दुसऱ्याच वर्षी, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, त्या गेल्या.

आणि गावातली सुईण? तिचा हातगुण लोक नावाजत. पाचवीला तिचा मान असे. लुगडं-चोळी, नारळ, पायलीभर धान्य तिच्या ओटीत पडे. पण अनेक गावांत हे काम ज्यांना खालच्या जातीच्या मानलं, त्या बायकांकडे होतं. नाळ कापणं, वार उचलणं विटाळाचं समजत. ज्या हातांनी वाड्यातलं बाळ जगात आणलं, त्याच हातांचं पाणी वाड्यात चालत नसे. इंग्रजांची कागदपत्रं सुईणीला अडाणी, गलिच्छ म्हणत राहिली. गावाने तिला विटाळशी ठरवलं. दोन्हीकडून ती खालीच गेली. तिची नावं कुठल्या वहीत लिहिलेली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर एएनएम आल्या आणि २००५ पासून आशाताई. बाळंतपण दवाखान्यात झालं पाहिजे, हे आपण शिकलो आणि ते बरोबरच आहे. अंगावरून रक्त थांबेना, झटके आले, मूल आडवं आलं, तर घरात कुणाच्या हातात काही नसतं. पण एक गोष्ट वाटेत हरवली. दवाखान्याच्या दारातच आई, सासू, जाऊ यांना थांबवलं आणि बाळंतीण आत एकटी गेली. 'मिड' हा शब्द इंग्रजीतून जसा गेला, तशी ती सोबत आपल्या बाळंतपणातून गेली.

सोबत मागायची कशी

सोबत म्हणजे नुसतं लाड नव्हे. सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये घेतला गेला. वेणांच्या काळात सतत कुणी सोबत असलं, तर नैसर्गिक बाळंतपणाची शक्यता वाढते, सिझेरियन कमी होतं, वेणांचा काळ थोडा कमी होतो आणि बाळंतपणाबद्दल वाईट आठवण कमी बायकांच्या मनात राहते, असं त्यात दिसलं. आपल्या आज्यांना हे आढाव्याशिवाय ठाऊक होतं.

आणि सरकारनेही हे मान्य केलं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वेळी बाईसोबत एक सोबतीण राहू द्यावी. तिच्यासाठी काही अटी आहेत. तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं. कपडे स्वच्छ असावेत. तिला संसर्गाचा आजार नसावा. डॉक्टर-नर्सच्या कामात तिने ढवळाढवळ करू नये आणि शेवटपर्यंत थांबायची तिची तयारी असावी. तिचं काम कमरेला हात देणं, घाम पुसणं, पाणी पाजणं, 'मी आहे गं' म्हणणं. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने नर्सना मिडवाइफरीचं खास प्रशिक्षण देण्याचं धोरणही जाहीर केलं.

कागदावरचा नियम विचारल्याशिवाय खोलीत येत नाही. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी करू या. पहिली, गावात या महिन्यात कुणाचे दिवस भरत आले आहेत त्यांची यादी आशाताईंसोबत करू. दुसरी, प्रत्येकीसाठी सोबतीण आधीच ठरवू आणि तिला अटी समजावून सांगू. तिसरी, जिथे बाळंतपण होणार तिथल्या सिस्टरना आणि डॉक्टरांना आधी जाऊन भेटू आणि 'सोबतीण आत येईल ना?' असं विचारू. नाही म्हणाले, तर कारण विचारू. एकटीने विचारलं तर उत्तर टाळता येतं, दहाजणींना टाळता येत नाही.

आणखी एक करता येईल. गावात एखादी म्हातारी सुईण अजून असेल, तर तिला बैठकीत बोलवा. तिच्या हातून कोण कोण जन्मलं ते विचारा आणि वहीत लिहून घ्या. वर तिचं पूर्ण नाव लिहा. दोन-चार पानं भरली तरी चालतील. इतकी वर्षं ती पानं कोरीच राहिली आहेत.